बायोच्या पायावरचं पान

गिरणीचा संप झाला, माझ्या नवऱ्याची, गुणाजीची, नोकरी गेली आणि तो माणसांशी बोलायचाच बंद झाला. भाजी कुठली करू विचारलं तर मान हलवायचा, तीही धड नाही. बोरिवलीच्या आमच्या चाळीत तो फक्त मांजरीशी बोलायचा. तिला बायो म्हणायचा. "बायो, आज मासळीवाली इली नाय गो," असं. मी स्टोव्हपाशी उभी राहून चोरून ऐकायचे. मांजरीचा हेवा करायची वेळ आली होती माझ्यावर! पण ती होती म्हणून त्याचा आवाज तरी घरात होता.

एका मंगळवारी बोक्याने बायोचा मागचा पाय चावून फोडला. गुणाजीने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, पण दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलं.

मी कणकवलीकडची. आमच्यात कापलं, भाजलं, गळू झालं की पानफुटी. सासऱ्यांची कोयत्याची जखम त्याच पाल्याने भरली होती. गावाहून आणून दाराबाहेर डालड्याच्या डब्यात लावलेली होतीच. पान तव्यावर शेकलं, ठेचलं आणि लुगड्याच्या चिंधीने बायोच्या पायाला बांधलं. गुणाजी तिचं डोकं धरून बसला होता.

सकाळी चिंधी सुटलेली आणि लेप गायब. पडला असेल कुठे, म्हणत नवा बांधला. संध्याकाळी परत तेच. मेली बांधूनच घेत नाही! मीही हट्टाची. एकाची चार पानं केली.

शुक्रवारी ती ओकायला लागली. तोंडातून लाळ, पाय लुळे. गुणाजी गिरणीच्या गेटवर जाऊन उभा राहायला गेला होता, अजून जायचा. मी तिला बाजाराच्या पिशवीत घातलं आणि रिक्षा करून मालाडला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरने चिंधी सोडून वास घेतला. "हे काय?"

"पानफुटी. औषधी असते ना."

"बाई, माणूस लेप चाटत नाही. मांजर चाटतं. हा पाला तिच्या पोटात गेला, तो तिच्या काळजावर गेलाय. किती वेळा लावलात?"

मी मनात मोजलं. सहा वेळा. माझ्या डोळ्यांदेखत बायोचं पोट हलायचं थांबलं. जखम मात्र सुकत आली होती.

घरी येऊन मी फक्त एवढंच म्हटलं, "गेली रे." गुणाजीने चाळीमागे खड्डा खणला. माती लोटून झाल्यावर तो डब्यापाशी गेला, पानफुटीचं एक पान तोडलं आणि मातीत खोचलं.

"हयसर रुजात," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "शेवंती, तू पालो लावलंस म्हणान ती चार दीस तरी जगली गो. नायतर त्याच दिवशी गेली असती."

मी तोंड उघडलं. त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. दोन वर्षांनी. मला रडू फुटलं, आणि ते बायोसाठी आहे असं त्याला वाटलं.

"चल," तो म्हणाला. "आज जेवणाक काय गो?"

ह्या एका प्रश्नासाठी मी देवाला नारळ बोलले होते.

"कुळथाची पिठी," मी सांगितलं. दुसरं सांगायचं होतं ते आता जन्मात सांगता येणार नाही.