चुना मडक्याला, मी नडगीला

मी पट्टी बोलतेय. कापसाची नव्हे हं! जेलची, थंडगार, लिबलिबीत, सोललेल्या ताडगोळ्यासारखी. अंगात बहुतेक पाणीच, वर जंतू मारायला कणभर चांदी. कारखान्यात जन्मले आणि तमिळनाडूतल्या उडनगुडी गावाजवळच्या दवाखान्यात पाकिटात पडून राहिले.

माझ्या नशिबी आले सुडलैमुत्तु अण्णा. ताडावर चढून नीरा काढणारा माणूस. खोडाला नडगी सोलवटली, तर यांनी जखमेवर चुना फासला! म्हणे, "मडक्याला चुना लावला की नीरा नासत नाही, मग पाय कसा नासेल?" पाय नासलाच. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, जखम आटोक्यात आली नाही तर पाय काढावा लागेल.

जेबमणी नर्सने जखम धुऊन मला बसवलं. "अण्णा, गोळ्या वेळेवर घ्या. आणि मी घरी येईपर्यंत हिला हात लावायचा नाही!"

मी कामाला लागले. जखमेतली घाण शोषून टम्म फुगले. दुसऱ्या दिवशी अण्णांनी वाकून पाहिलं आणि त्यांचं धाबंच दणाणलं.

"पेच्ची, पू भरला गं! जखम सुकायला हवी, ही बया तिला भिजवत बसलीय. चुन्याची डबी आण!"

त्यांचं नख माझ्या कडेखाली शिरलं. मला रडू फुटायचंच बाकी होतं, पाण्याला काय तोटा!

त्यांची बायको पेच्चियम्माळ ओसरीवर टोपली विणत होती. तिने मानही वर केली नाही. "अहो, मडकं ताडावर बांधलं की घडीघडी चढून आत डोकावता का?"

"छे! कशाला?"

"मग हिलाही भरू द्या की. आणि डबी मी लपवलीय."

अण्णांनी मुकाट्याने नख काढलं.

ठरल्या दिवशी जेबमणीने मला अलगद उचललं. मी वळून पाहिलं. खाली ताजं, लालचुटूक मांस!

"अण्णा, पाय वाचला. अजून पट्ट्या लागतील, पण चढाल तुम्ही."

पेच्चीने टोपलीत तोंड लपवलं. रडत होती बिचारी.

माझ्या जागी माझी धाकटी बहीण बसली. मी दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत निघाले, तोच अण्णांनी हाक मारली, "पेच्ची, चुन्याची डबी दे!"

"अण्णा!" जेबमणी किंचाळली.

"अगं बाई, मडक्याला! चढेन तेव्हा चढेन, मडकी तरी तयार नकोत?"

माझं काम झालं. तुमच्या घरी आमच्यातली कुणी आली, तर तिला उचकटून बघू नका. भरू द्या बिचारीला. येते मी.