करंजीची ज्वारी, तिसगावची पेंड

बहात्तरच्या दुष्काळात नगरच्या आमच्या कॉलेजात एक नोकरी चालून आली. सहकारी संघाच्या गोदामातून गावोगावी माल रवाना करायचा. वर्गातून एकच नाव जाणार होतं. मी हात वर केला आणि सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. मुलांचं सोडा, मला राग आला तो त्यांचाच.

"पुष्पावती, ट्रकवर चढताना पदर कोण धरणार?" राधाकृष्णानं विचारलं. ती नोकरी त्यालाही हवी होती.

"तू धर. तेवढं तरी जमेल तुला."

सरांनी दोघांना गप्प केलं. रविवारी कॉलेजतर्फे दुष्काळी गावांना ट्रक जायचा होता. त्यात ज्याचं काम चोख, त्याचं नाव देऊ, असं ते म्हणाले. कामाची वाटणी मात्र मुलांनी परस्पर केली. ट्रक भरायला राधाकृष्ण आणि चहाला मी!

चहा घेऊन गेले तेव्हा ट्रक निम्मा भरला होता. वाटेत आधी करंजी लागतं, मग तिसगाव. करंजीला ज्वारी द्यायची होती, तिसगावच्या जनावरांना पेंड. या शहाण्यानं ज्वारी आधी चढवून पार आत ढकलली होती आणि तिच्यापुढे पेंडीची पोती रचत होता. म्हणजे करंजीत आधी सगळी पेंड उतरवायची, मग ज्वारी काढायची आणि पेंड पुन्हा चढवायची.

आमचं घर दर साल ऊसतोडीला जातं. बैलगाडी आई भरते. पहिल्या मुक्कामाला लागणारा तवा आणि पीठ ती सगळ्यात शेवटी ठेवते. इतकी साधी गोष्ट आहे ही.

मी गप्प बसले असते तर तो करंजीत तोंडावर पडला असता आणि नोकरी मला मिळाली असती. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण करंजीच्या बायका उन्हात ताटकळल्या असत्या.

"सगळं उतरव. आधी पेंड भर," मी म्हणाले.

"तू कोण सांगणार?"

मी पदर खोचला, ट्रकवर चढले आणि पोतं ओढायला लागले. ड्रायव्हर आसारामनं बिडी विझवली.

"व्हय की! करंजीत समदं मीच उतरवनार हुतो का?" असं म्हणत त्यानं पोत्याला हात घातला. मग मुलंही मुकाट कामाला लागली.

करंजीत ज्वारी हा हा म्हणता उतरली. सोमवारी सरांनी शाबासकी दिली ती राधाकृष्णाला, आणि तोही मान खाली घालून ती घेत होता! माझं डोकं फिरलं.

"सर, त्याचंच नाव द्या," मी उभी राहून म्हणाले. "फक्त पुढच्या रविवारचा ट्रक त्याला एकट्याला भरू द्या. मी चहालासुद्धा येणार नाही."

राधाकृष्णाचे कान लाल झाले. तो हळूहळू उठला.

"तिचं नाव द्या, सर. ट्रक तिनं भरलाय."

"आणि पदर कोणी धरला रे?" मुलींच्या बाकावरून गोजरनं विचारलं.

"कोणी नाही. तिनं खोचला होता."

मागच्या बाकावरच्या मुली खदखदून हसल्या. या खेपेला एकीनंही तोंडाला पदर लावला नाही.