पैठणच्या देमाइसाची ढाल

मित्रांनो, मी एक जुनी ढाल आहे आणि माझ्या छातीवर एक नाव होतं. आता नाही. का नाही, तेच सांगायचंय. गोड बोलून सांगणार नाही, आधीच सांगते.

माझा जन्म कॅनडातल्या सस्काटूनमधल्या एका गॅरेजात झाला, २०१३ च्या ऑक्टोबरात. प्लायवूडचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवले, वाकवले. कडेने बागेतला जुना पाण्याचा पाइप चिरून बसवला, म्हणजे फटका बसला तरी कड फुटू नये. मागे चामड्याचे पट्टे. कापाकापी नंदनने केली, पण मी त्याची नव्हे, त्याच्या बायकोची. पद्मजाची. ती युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये कामाला होती, वय छप्पन्न.

दर शनिवारी तीसेक माणसं एका शाळेच्या जिममध्ये जमायची आणि चिलखतं चढवून वेताच्या काठ्यांनी मध्ययुगातली लढाई खेळायची. तिथं प्रत्येकाला जुन्या काळातलं नाव घ्यावं लागतं. वाटेल ते चालत नाही. नाव सोळाशे सालाच्या आधीचं हवं आणि तसा लेखी पुरावा हवा. कुणी किताब दिल्याशिवाय स्वतःला राणी म्हणवून घ्यायचं नाही. आणि एकाने नोंदवलेलं नाव दुसऱ्याने घ्यायचं नाही. हवंच असेल तर पहिल्याच्या सहीची चिठ्ठी आणायची.

सगळे इंग्रज, फ्रेंच नावं घेत होते. पद्मजाने महिनाभर पुस्तकं उपसली आणि यादवांच्या काळातलं नाव शोधलं. पैठणची देमाइसा.

"लग्नात माझं नाव लावायला नको म्हणालीस," नंदन म्हणाला, "आणि आता आठशे वर्षांपूर्वीच्या बाईचं लावतेस."

"तिने मागितलं नाही म्हणून लावतेय," ती म्हणाली आणि निळ्या रंगात ब्रश बुडवला.

त्या दिवसापासून मी ढाल झाले. त्याआधी नुसतं लाकूड होते.

चार वर्षं मी फटके खाल्ले. उन्हाळ्यात नदीकाठच्या तंबूत, हिवाळ्यात उणे तीसमध्ये गाडीच्या डिकीत. लोक लांबून नाव वाचायचे, कुणीतरी अर्थ विचारायचं, पद्मजा सांगत बसायची. पण फॉर्म तिने भरला नाही. नावनोंदणी डेनिसकडे होती. तो मूळचा वसईचा, सिटी बस चालवायचा.

"पद्मजाताई, फॉर्म द्या ओ. चार वर्षं झाली."

"अरे, सगळ्यांना माहीत आहे ना मी कोण ते."

"सगळ्यांना माहीत असून काय करू? रजिस्टरला माहीत पाहिजे."

फॉर्म घरात ड्रॉवरमध्ये, विंटर टायरच्या पावत्यांखाली. पुराव्याची झेरॉक्ससुद्धा जोडलेली. नुसतं पाकिटात घालायचं होतं.

केया आमच्यात आली २०१७ मध्ये. तिकडे पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्नाबीत वाढलेली, इथं शिकायला आलेली मराठी पोर. तिला काठी धरायला पद्मजाने शिकवलं, पुरावा कसा जोडायचा हेही शिकवलं, नमुना म्हणून स्वतःच्या पुराव्याची झेरॉक्स दिली. त्या डिसेंबरात पद्मजाचा गुडघा गेला. जिममध्ये सगळ्यांसमोर ती म्हणाली, "बस्स झालं. आता मी लढायला उतरणार नाही." आणि मला बेसमेंटमध्ये टेकवून ठेवलं.

मे महिन्यात गुडघा बरा झाला. आम्ही परत गेलो. तर केयाच्या हातात नवी कोरी ॲल्युमिनियमची ढाल. अंगावर एक पोचा नाही, आणि छातीवर माझं नाव.

मी जळले. लपवत नाही. त्या चकचकीत बयेने एक फटका खाल्ला नव्हता आणि लोक तिच्याकडे बघून अर्थ विचारत होते.

"मावशी, तुम्हीच म्हणालात बस्स झालं," केया म्हणाली. "लिस्ट चेक केली, नाव तिथे नव्हतंच. मला वाटलं, ते बंद पडू नये. तुमचंच नाव आहे ना, आय मीन, तुमच्यासाठीच घेतलं."

पद्मजा हसली. तसलं हसू मी ओळखते. ढालीमागून चेहरा जवळून दिसतो.

डेनिसने तिला बाजूला घेतलं. "पोरीने फॉर्म भरला, नियमाने नाव आता तिचं आहे. एका ओळीची चिठ्ठी मागा, ती आत्ता लिहून देईल. दोघी वापरा."

"मी मागू? तिच्याकडे?"

"मग काय मी मागू?"

घरी येऊन तिने सँडपेपर काढला. नंदन जिन्यात उभा राहून म्हणाला, "पद्मजा, एक आठवडा थांब." ती थांबली नाही. निळा रंग माझ्या अंगावरून भुग्यासारखा पडला. आणि खरं सांगू का मित्रांनो, तेव्हा मला बरं वाटलं. त्या दुसरीशी एक नाव वाटून घेण्यापेक्षा नसलेलं बरं, असंच मला वाटत होतं. एवढी मी मूर्ख.

पुढच्या शनिवारी केया घरी आली. न मागता, सही केलेली चिठ्ठी घेऊन. पैठणची देमाइसा हे नाव पद्मजामावशींनी हवं तितकी वर्षं वापरावं, असं मराठीत लिहिलेलं. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं. तिला मराठी लिहिता येत नव्हतं, त्या एका ओळीसाठी शिकून आली होती.

पद्मजाने माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर नुसते ओरखडे. ती म्हणाली, "उशीर झाला गं," आणि चहा टाकायला वर निघून गेली. केयाने चिठ्ठी माझ्या पट्ट्यात खोचली.

त्याला वर्ष झालं. चिठ्ठी अजून तिथंच आहे. पद्मजा कपडे धुवायला खाली येते, मशिन लावते, माझ्याकडे पाठ करून उभी राहते.

तुम्हाला जे आपलं वाटतं ते वेळेवर लिहून ठेवा. आळस केलात तर निदान मागायला लाजू नका. आणि रागात हातात सँडपेपर धरू नका, एवढंच या लाकडाचं सांगणं.

आणि त्या घरी कधी गेलात, तर निळ्या रंगाचा डबा माझ्यासमोरच दुसऱ्या फळीवर आहे. झाकण घट्ट बसलंय. स्क्रूड्रायव्हरने उघडेल. तेवढा उघडून तिच्यासमोर ठेवा.