स्ट्रीमर आला तो रविवार

श्यामसुंदर खासनीस यांचा कान सदाशिव पेठेत, चार गल्ल्यांपुरता का होईना, प्रमाण मानला जायचा. टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं त्यांनी तारांमधली खरखर ऐकून बिघाड शोधले होते. रस्त्याखाली केबलमध्ये पाणी शिरलंय की कुठे जोड सुटलाय, हे ते रिसीव्हर कानाला लावून सांगत आणि सहसा चुकत नसत. पुढे देश खुला झाला, मोबाइल आले, तारांना कोणी विचारेनासं झालं आणि श्यामराव निवृत्त झाले. कान मात्र कामावरच राहिला. दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चार-पाच मंडळी गाणं ऐकायला जमत. गेली अठ्ठावीस वर्षं हे चाललं होतं.

अँप्लिफायरच्या वर वळणदार अक्षरात एक पाटी होती. गाणं चालू असताना बोलू नये. खोकला येणार असल्यास आधी खोकून घ्यावं. यजमानांनी सांगितल्याखेरीज बटणांना हात लावू नये. ही पाटी वाचून एक-दोघं पुन्हा आलेच नव्हते, पण त्याचं दुःख श्यामरावांना नव्हतं.

दुःख वेगळंच होतं. गेले पाच-सहा महिने त्यांना गाण्यामागच्या तंबोऱ्याची जवारी ऐकू येत नव्हती. तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवला की प्रत्येक सुरामागे जी झळाळी उमटते, ती जवारी. तंबोरा वाजायचा, पण उन्हाविना सकाळ व्हावी तसा. आधी त्यांनी अँप्लिफायरच्या वायरींना दोष दिला, मग स्पीकरला, आणि एके दिवशी अंघोळ करताना गुपचूप स्वतःला. कोणाला सांगितलं मात्र नाही. सुशीलाबाईंनाही नाही. बायकोला सांगायचं म्हणजे ते खरं होणार, अशी काहीतरी वेडी समजूत त्यांच्या मनात होती. आणि कान गेला तर मागे उरणार कोण, एक पेन्शनर, हा विचार त्यांना सोडत नव्हता.

अशात दिग्विजयने स्ट्रीमर आणला, नुसतं गाणं वाजवणारं एक छोटं यंत्र. दिग्विजय मूळचा वर्ध्याचा, नोकरी हिंजवडीला, बिऱ्हाड वारज्याला, आणि या मंडळीत सगळ्यांत लहान. बैठकीचं सारं गाणं तोवर एका कॉम्प्युटरमध्ये साठवलेलं होतं. त्याचं म्हणणं, कॉम्प्युटर हा हजार कामांचा गडी. गाणं वाजवता वाजवता तो आणखी पन्नास ठिकाणी लक्ष ठेवतो. स्ट्रीमरला पडदा नाही, दुसरं काम नाही, फक्त गाणं. दिवसभर ऑफिसात पडद्याकडे बघून डोळे दमतात, निदान रविवारी तरी तो समोर नको, असंही तो म्हणाला, आणि ते श्यामरावांना पटलं. माधवराव बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना पटलं नाही. चालू आहे ते बदलायचं कशाला, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. ज्ञानदेव शाळामास्तर होते. त्यांनी दोन्ही बाजूंना मान डोलावली. शेवटी ठरलं की दोन्ही ऐकावं आणि श्यामराव म्हणतील ते खरं.

म्हणजे परीक्षा यंत्रांची आणि निकाल त्यांच्या कानावर. श्यामरावांचा जीव टांगणीला लागला.

चैत्रातली सकाळ होती. दोन्ही यंत्रं अँप्लिफायरला जोडली गेली. दिग्विजय दोन्हीकडे एकच आलाप एकदम सुरू करणार, आणि त्यातला कुठला ऐकू यायचा ते अँप्लिफायरचं बटण ठरवणार. बटणापाशी मकसूदभाई बसले. नारायण पेठेत त्यांचं रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान. तीस वर्षांत तो अँप्लिफायर त्यांनी चारदा पूर्ण उघडून पुन्हा जोडला होता. एकदा बटण डावीकडे, कॉम्प्युटरवर. मग तोच आलाप पुन्हा, बटण उजवीकडे, स्ट्रीमरवर. सगळ्यांनी डोळे मिटले.

तोडीचा आलाप होता. कोण्या एके काळी कोणाच्या तरी दिवाणखान्यात टेप केलेला. गाणाऱ्या बाईंनी पहिला सूर लावला आणि श्यामराव जवारी शोधायला निघाले. कान ताणता ताणता ते कधी जुन्या एक्स्चेंजमध्ये पोचले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. लोखंडी मांडण्यांच्या रांगा, त्यांच्यावरची टिकटिक, डब्यातल्या चहाचा वास. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. तार रस्त्याखालून निघाली, पेठा ओलांडत, नदीच्या अंगाने, गार मातीतून लांबवर गेली, आणि तिच्या पार त्या टोकाला कोणीतरी तंबोरा छेडत बसलं होतं. झळाळी तिथे होती. ती तिथे आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. इथपर्यंत ती पोचत नव्हती एवढंच. बिघाड कुठे आहे, ते तारेला विचारत राहिले, आणि तार जुन्या मैत्रिणीसारखी काही न बोलता सोबत करत राहिली. मध्ये गाणं थांबल्यासारखं झालं, दिग्विजय काहीतरी म्हणाला, मग तोच सूर पुन्हा आला. श्यामराव मातीखालून चालतच होते. तिथे इतकं निवांत होतं की परत यावंसं वाटेना.

आलाप संपला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

तोवर मंडळी सुरू झाली होती. दिग्विजयला दुसऱ्या वेळी सुरांमधली शांतता जास्त खोल वाटली. ज्ञानदेवांना बाई दोन हात पुढे येऊन बसल्याचा भास झाला. खुद्द माधवरावांनी कबूल केलं की दुसऱ्याची सर पहिल्याला नाही, काच पुसल्यासारखं लख्ख ऐकू आलं. मकसूदभाई दोन-तीनदा काही बोलायला गेले, पण यांच्यापुढे कोणाचं काय चालणार. मग सगळे श्यामरावांकडे वळले.

दुसरं, एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. कोणाला कधी कळलं नसतं. पण नुकत्याच चालून आलेल्या त्या वाटेवर खोटं बोलणं त्यांच्या जिवावर आलं.

"मला फरक कळला नाही," ते म्हणाले. "खरं सांगायचं तर दिवाळीनंतर मला तंबोरा नीट ऐकूच येत नाही. कान गेला माझा."

स्वयंपाकघराच्या दारात सुशीलाबाई पोह्यांच्या बश्या घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

मकसूदभाईंनी घसा साफ केला. "श्यामराव, माफ करा. बटण मी फिरवलंच नाही. पाटीवर लिहिलंय तसं, आपण सांगाल म्हणून वाट बघत होतो. आपले डोळे मिटलेले, आणि तेवढ्यात दुसऱ्यांदा गाणं सुरू झालं. मग मध्ये कसं बोलणार?"

म्हणजे दोन्ही वेळा कॉम्प्युटरच वाजला होता. ज्ञानदेव छताकडे बघू लागले. दिग्विजय तर इतका खजील झाला की त्याने उगाचच एक वायर काढून पुन्हा लावली. पहिले सावरले ते माधवराव. म्हणाले, मग आमच्या सगळ्यांत कान शाबूत असलेला एकटा श्यामच की. मंडळी मोकळेपणाने हसली. सुटकेची वाट अशी समोर उघडली होती, नुसतं हसलं तरी पुरे होतं. श्यामरावांना मोह झाला. खूप झाला.

"नाही माधवराव," ते म्हणाले. "मी चुकून बरोबर आलो. मकसूदभाई, फिरवा आता."

बटण उजवीकडे गेलं. आलाप पुन्हा सुरू झाला. श्यामरावांना तो मघासारखाच आला, कोमट, उन्हाविना. पण या वेळी त्यांनी डोळे मिटले नव्हते, म्हणून त्यांना सुशीलाबाईंचा चेहरा दिसला. अठ्ठावीस वर्षं त्यांनी या बैठका दारापलीकडून ऐकल्या होत्या आणि तुम्हाला काय वाटतं, असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. श्यामरावांनीही नाही.

गाणं चालू असतानाच त्यांनी विचारलं, "तुला फरक कळतो?"

"कळतो की. मघाशी दोन्ही वेळा मागे बारीक शिट्टी होती. आता नाही." सुशीलाबाईंनी बश्या खाली ठेवल्या. "हाच ठेवा."

"आणि माझं? माझं तुला कधी कळलं?"

"दिवाळीत. गाणं चालू असताना भांडं वाजलं की ओरडायचात. दिवाळीपासून एकदाही ओरडला नाहीत. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. उद्या डॉक्टरकडे जाऊ."

श्यामरावांना वाईट वाटलं, लाज वाटली, आणि कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं हलकंही वाटलं. ते सरकले आणि शेजारची जागा त्यांनी हाताने झटकली. सुशीलाबाई पदराला हात पुसत येऊन बसल्या.

"तंबोरा कसा वाजतोय ते सांग," ते म्हणाले.

त्या सांगू लागल्या, हळू आवाजात, शब्द शोधत शोधत, आणि श्यामराव डोळे मिटून त्यांचं ऐकत राहिले.