आधी पाठवणी

०:००

उचल गो पाऊल, उचल गो बाय,
मांडवाच्या मेढीला धरू नाय.

०:०७

एवढं ऐकून तुम्ही थांबला असाल तर धनेशचं काम झालं. सात सेकंदांत माणूस थांबला नाही तर तो गेला, असं त्याच्या पेणच्या ऑफिसात भिंतीवर रंगवलेलं आहे. खाली गणपतीचा कारखाना, वर 'खाडीकिनारा म्युझिक'. जिन्यात न रंगवलेल्या मूर्ती ठेवलेल्या असतात, त्यामुळे वर जाणाऱ्या प्रत्येक कलावंताला तिरकं होऊन जावं लागतं.

३:४०:०० (मूळ लांबी)

विमलबाई गडबच्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात त्या धवले गातात, आणि त्या जे गातात ते घडतं. त्यांनी हळद गायली की हळद लागते. माळ गायली की माळ पडते. पाठवणीचा धवला सगळ्यात शेवटी. तो सुरू झाला की नवरीने उठायचं आणि मागे न बघता चालू लागायचं. हा नियम आजवर कुणी मोडला नव्हता. पाठवणी भलत्या वेळी कुणी गायलीच नव्हती.

धनेशने त्यांचं रेकॉर्डिंग केलं ते रोह्याला, अर्शदच्या घरी. अर्शद अकरा वर्षं आखातात, दोह्यातल्या हॉटेलात साउंड बघायचा. परत आला तेव्हा भाऊ तिकडे गेला होता. भावाच्या रिकाम्या खोलीत त्याने भिंतींना गाद्या बांधल्या, झाला स्टुडिओ.

विमलबाईंनी सुरुवात केली ती देवांना बोलावण्यापासून. गावाचे, वेशीवरचे, खाडीपल्याडचे. अर्धा तास झाला.

"आजी, अजून देवच?" धनेश खिडकीच्या काचेबाहेरून ओरडला.

"चालत येतात ते. तुझ्यासारखी बुलेट नाय त्यांच्याकडं."

"थोडे कमी करा ना. मेन मेन घ्या."

"मग तूच कळव उरलेल्यांना, येऊ नका म्हणून. तुझा नंबर देतंय मी."

अर्शद हसला आणि मशीन चालूच ठेवलं.

०:२८ (सुधारित लांबी)

धनेशने सगळं दोनदा ऐकलं. धनेशला गाणं कळत नव्हतं असं नाही. पाठवणीला त्याचे डोळे दोन्ही वेळा भरून आले, आणि म्हणूनच त्याने ती उचलली.

"हीच पुढं घे," तो अर्शदला म्हणाला. "आणि हीच मागं घे. मध्ये पण हीच."

"आणि हळद? मांडव? देव?"

"देवांना कोण शेअर करतो?"

"आणि हा श्वास? विमलचिची बघ, पाऊल म्हणायच्या आधी थांबते. तिथंच तर सगळं हाय."

"किती सेकंद?"

"दोन."

"सातातले दोन? काप."

अर्शदने कापलं. ढोल घातला, कॅसिओ घातला. उरलेले तीन तास साडेएकोणचाळीस मिनिटं त्याने 'कचरा' नावाच्या फोल्डरमध्ये नीट, क्रमाने लावून ठेवली.

४१,००,००० वेळा

गाणं सुटलं आणि धवलारणीला लुगडं-नारळ देऊन बोलवायची गरज उरली नाही. डीजेवाला हळदीला 'उचल गो' लावू लागला.

कासूची नवरी हळदीच्या पाटावरून उठली आणि चालू लागली. आई म्हणाली, अगो, अजून हळद कालवायची हाय. पण पाठवणी लागली होती. नवरी गेली.

गागोद्याची गेली. वडखळच्या दोघी एकाच टेम्पोत गेल्या. रोह्याच्या मोहल्ल्यात अफशाच्या मेहंदीला डीजेने तेच लावलं, आणि काझीसाहेब चष्मा पुसत होते तोवर अफशा ओल्या मेहंदीचे हात वर धरून मुरूडच्या रस्त्याला लागलेली होती.

दोन महिन्यांत पेण-रोह्यातल्या सदतीस मुली सासरी जाऊन बसल्या. लग्न एकीचंही लागलं नव्हतं.

जाहिरात (पाच सेकंदांनी वगळता येईल)

लग्नाआधीच सासरी पोचलात? कंटाळा आलाय? खास तुमच्यासाठी, खाडीकिनारा म्युझिकचं 'उचल गो' रिमिक्स!

०:२१

अडतिसावी सुरभी. विमलबाईंची नात.

सुरभीच्या हळदीच्या दिवशी विमलबाई आत तांदूळ पाखडत होत्या. मांडवात कुणीतरी फोनवर गाणं लावलं. त्या धावत बाहेर आल्या तेव्हा त्यांच्याच आवाजाने त्यांची नात उठवून नेली होती.

सुरभी रोह्याजवळ होणाऱ्या नवऱ्याच्या, साईराजच्या घरी जाऊन राहिली. साईराजची आई वैशाली हिने तिला पाणी दिलं, उशी दिली. दोघी धाटावच्या एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला जायच्या. साईराज लाजून पडवीत झोपायचा.

"मी कोण हाय इथं?" सुरभीने फोनवर विचारलं. "सून म्हणावं तर हळद नाय. पाहुणी म्हणावं तर भांडी मीच घासते. आजी, मला नीट लावून दे."

विमलबाई पेणला गेल्या, मूर्तींमधून तिरक्या होऊन वर चढल्या.

"सबंध धवला गायचाय, नातीसाठी."

धनेशने कागद काढला. त्यावर विमलबाईंची सही होती: कंपनीच्या परवानगीशिवाय धवला कुठेही सबंध गाणार नाही.

"आजी, तुमचा धवला गडबच्या वेशीपर्यंत जात होता. मी दोह्यापर्यंत नेला. खोटं बोलतोय का?"

"नाय. नेलास. पण पायच नेलेस रे, धड इथंच ऱ्हायलं."

धनेशने कागद खाली ठेवला. मग खरंच विचार केला. मग फोन बघितला.

"तीन तास चाळीस मिनिटं लाईव्ह," तो हळूच म्हणाला. "आपल्यात कुणी केलं नाय अजून. गा. पण मध्ये मध्ये 'उचल गो' टाकायचं."

"तिच्या जागेवर टाकीन."

"जागा कुठाय?"

"शेवटाला."

धनेशने भिंतीवरच्या सात सेकंदांकडे पाहिलं आणि सही केली.

लाईव्ह

साईराजच्या अंगणात मांडव. अर्शदने एकच माइक लावला आणि विमलबाईंना सांगितलं, "चिची, श्वास घ्या, जेवढे पायजे तेवढे."

सुरुवातीला एकोणीस हजार लोक बघत होते. देव यायला लागले तसे लोक जायला लागले. वेशीवरच्या देवापाशी चारशे. खाडीपल्याडच्या देवापाशी सहा.

"आजी, जरा पटापट," धनेश घाम पुसत म्हणाला.

"त्यो बघ, आत्ता कुठं साकव ओलांडतोय."

हळद गायली, हळद लागली. सुरभीने हातांचा वास घेऊन पाहिला. माळ गायली, माळ पडली. साईराजच्या चेहऱ्यावरचं दोन महिन्यांचं पाहुणेपण उतरलं. लग्न लागलं. वैशालीने सगळ्यांना जिलेबी वाटली, आणि अर्शदने गाद्या सोडवून आणल्या होत्या त्यावर लोक टेकले. सगळं पार पडलं असं वाटून धनेशने फोन खाली ठेवला.

विमलबाई दोन सेकंद थांबल्या.

उचल गो पाऊल, उचल गो बाय...

सुरभी उठली. मांडवाबाहेर आली. आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की सासर मागे आहे.

"अगो, कुठं चालली?" वैशालीने मेढ धरली आणि हंबरडा फोडला. "मी काय कमी केलं होतं गो? आता शिफ्टला माझ्याबरोबर कोण येईल?" तिची जाऊ रडायला लागली, शेजारणी रडायला लागल्या. धनेशचा फोन जमिनीवर पडल्या पडल्या आभाळ दाखवत होता आणि त्यावर रडणं ऐकून अकरा हजार लोक आले होते.

"आजी, थांबवा ना," धनेश म्हणाला. त्याच्या तोंडून हे पहिल्यांदाच निघत होतं.

विमलबाईंनी मान हलवली. अजून चार ओळी होत्या.

सुरभी नागोठण्याच्या रस्त्याला लागली. तो पुढे गडबला, तिच्या माहेरी जातो. साईराज बाशिंग सावरत पाठोपाठ धावला.

"मी पण येऊ?"

"मागून नको इचारू," ती म्हणाली. "बघता येत नाय मला."

मग तो जोरात पळाला, तिला मागे टाकून वळणापर्यंत गेला, आणि तिथून तिच्याकडे तोंड करून उलटा चालू लागला.