मी ऐकलेले ‘नाही’

मित्रांनो, कपाटावर धूळ खात पडलेली काळी पेटी तुम्हांला दिसते ना, ती मी. धुळ्यातील एका कॉलेजच्या समाजशास्त्र विभागाचा मी टेपरेकॉर्डर. कॅसेट घालून तांबडे बटण दाबले की समोरचा बोलेल ते मी टिपून घेतो आणि म्हणाल तितक्या वेळा परत ऐकवतो. अर्थ मात्र मला लावता येत नाही. तो ऐकणाऱ्याने लावायचा असतो. ते काम किती अवघड आहे, हे मी इंदिराताईंजवळ राहून पाहिले.

कारखान्यातून मी १९८६ साली इथे आलो. पहिले वर्ष स्नेहसंमेलनातील भाषणे टिपण्यात गेले. आवाज स्वच्छ येतो म्हणून माझे कौतुक व्हायचे. ती भाषणे पुन्हा कोणी ऐकत नसे आणि पुढच्या वर्षीची भाषणे त्याच कॅसेटवर चढत.

इंदिरा बोरसे विभागात नव्यानेच लागल्या होत्या. त्या धरणगावच्या, कापूस पिकवणाऱ्या घरातल्या. विभागप्रमुख डॉ. रुपचंद भामरे यांच्याकडे तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्याचे सर्वेक्षण आले होते. तिथे नाल्यावर धरण होऊन खालची घरे पाण्यात गेली होती. सरकारने भिंतीला भिंत लावून, वर पत्रे टाकून विटांच्या घरांची एक ओळ बांधून दिली. पण तिथे कोणी राहायला जाईना. लोकांनी पाण्याच्या वर उरलेल्या आपापल्या वावरांत, म्हणजे शेतांत, कुडाची घरे उभी केली. इंदिराताई छापील प्रश्न घेऊन दारोदार फिरल्या. त्यात एक प्रश्न होता, ‘नवीन घर मिळाले का?’ सगळ्यांनी एकच उत्तर दिले, ‘नाही’.

विटांच्या घरांच्या चाव्या तर त्यांच्याच कनवटीला होत्या. पुनर्वसन कचेरीतील साहेब कागद वाचून म्हणाले, “ही माणसं सरळ खोटं बोलतात.” पाड्याची नावे पुनर्वसनातून काढून टाकायची, असे घाटू लागले. नावे गेली असती तर बुडालेल्या वावरांच्या बदल्यात मिळणारी जमीनही गेली असती.

“उत्तरं स्पष्ट आहेत,” भामरे सर म्हणाले.

“स्पष्ट आहेत, सर. पण सगळा पाडा मिळून एकच खोटं कशाला बोलेल? चावी तर कोणी लपवत नाही.”

इंदिराताईंच्या वाचनात तेव्हा एक नवा विचार आला होता. माणसाचे बोलणे त्याच्या साऱ्या जगण्यात ठेवून समजून घ्यायचे. एका शब्दावरून त्या जगण्याकडे जायचे आणि तिथून पुन्हा त्या शब्दाकडे यायचे. ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून काही ठाण मांडून बसलेले असते, तेही तपासायचे. सर म्हणाले, “हे तत्त्वज्ञानवाल्यांचं काम. आपल्याला मोजता आलं पाहिजे.” तरी मला न्यायला त्यांनी हरकत घेतली नाही.

एसटीने शिरपूर आणि पुढे बैलगाडीने आम्ही पाड्यावर पोचलो. तेरसिंग आणि दिवालीबाई या नवराबायकोच्या अंगणात खाटेवर मला ठेवले. आपसात ती दोघे त्यांच्या बोलीत बोलत. इंदिराताईंशी दिवालीबाई अहिराणीत बोलू लागल्या. ती ताईंचीही घरची भाषा होती.

“हाऊ डबा काय करस?” दिवालीबाईंनी विचारले. ताईंनी तेच वाक्य परत ऐकवले, तेव्हा त्या पदर तोंडाला लावून खूप हसल्या.

“सरकारनं घर दिनं ना तुमले?”

“नही भेटनं, बाई.”

“मंग त्या इटास्न्या खोल्या?”

“त्या खोल्या शेतस.” ‘शेतस’ म्हणजे ‘आहेत’.

पुढे पुष्कळ बोलणे झाले. पत्रे तापतात म्हणून लोक जात नाहीत, असा निष्कर्ष काढून ताई धुळ्याला परतल्या.

विभागात त्यांनी ती कॅसेट अनेकदा ऐकली. एका दुपारी एकदम थांबल्या, कॅसेट मागे नेली आणि तोच तुकडा पुन्हा लावला. दिवालीबाई काही सांगता सांगता विचार करायला थांबल्या होत्या. तेवढ्यात ताईंनीच विचारले होते, “पत्रा तापस ना?” पाहुणीचे मन राखायला दिवालीबाई “तापस” म्हणाल्या होत्या. पत्र्याची गोष्ट ताईंच्या तोंडची होती. ती दिवालीबाईंच्या नावावर चढली होती. ताईंनी आपला निष्कर्ष वहीतून खोडून टाकला.

पुढच्याच आठवड्यात आम्ही पुन्हा पाड्यावर गेलो. या वेळी ताई प्रश्न कमी विचारत होत्या. दिवालीबाई थांबल्या की ताईही थांबत. माझी कॅसेट नुसती फिरत राही. कोंबड्या, वारा, तेरसिंगांच्या कुऱ्हाडीचा आवाज टिपला जाई. मग दिवालीबाई आपणहून बोलू लागत. त्यांनी ताईंना मधल्या खांबाला हात लावायला सांगितला. “हाई मेढ खालना घरनी शे. यास्नी खांदावर आणी.” ‘यास्नी’ म्हणजे तेरसिंगांनी. पाणी चढत असताना त्यांनी ती मेढ उपटून वर आणली होती.

“आठे पाहुना दूरथीन दिखस,” दिवालीबाई वावराकडे हात करून म्हणाल्या. “तठे भिंतले भिंत. कोना घर पाहुना उना, समजस नही. त्याले घर कसं म्हनो?”

त्या ‘घर’ म्हणत तेव्हा आपले वावर, ती मेढ आणि येणारा माणूस ओळखू येईल इतकी मोकळी जागा, हे सगळे त्यात असे. तसे घर त्यांना मिळाले नव्हते. पाडा खरेच बोलला होता.

भामरे सरांनी कॅसेट ऐकली. “एका बाईच्या बोलण्यावरून?” ते म्हणाले.

“इतरांशीही बोलले, सर. उत्तरं आहेत तीच ठेवू. फक्त प्रश्नातला ‘घर’ हा शब्द कोणाचा होता, तेवढं बघू.”

सरांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाले, “ते पाहुण्याचं पुन्हा लावा.”

कचेरीतील बैठकीला सर स्वतः मला घेऊन गेले. सगळेच काही मनासारखे झाले नाही. विटांची ओळ तशीच राहिली, तिच्यात पुढे कोणी चारा भरला, कोणी धान्य. पण नावे कायम राहिली. बदल्यातली जमीन उशिरा का होईना मिळाली आणि घर तिथेच बांधायला साहेबांनी परवानगी दिली.

अहवाल छापण्याआधी ताई तो पाड्यावर घेऊन गेल्या आणि आपण लावलेला अर्थ त्यांनी दिवालीबाईंना वाचून, समजावून सांगितला. दिवालीबाईंनी सगळे ऐकून घेतले.

“बठ्ठं बरोबर शे,” त्या म्हणाल्या. “पन तुनं घर कसं शे, ते तू सांगंच नही.”

ताई बिचकल्या. मग सांगू लागल्या. धरणगावच्या घरात लग्नानंतर आपली जागा उरली नाही. धुळ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. शेजारी कोण, ते धड माहीत नाही.

“मंग ते घर शे का खोली?”

माझे तांबडे बटण दाबलेलेच होते. तो प्रश्नही कॅसेटवर चढला.

त्या अहवालाचे पहिले पान ताईंनी नव्याने लिहिले. आपण कोण, कुठल्या, आणि घर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते, हे त्यांनी आधी सांगितले आणि मगच पाड्याकडे वळल्या. भामरे सरांनी ते पान खोडले नाही. पुढे ते स्वतःच विद्यार्थ्यांना तसे पान लिहायला सांगू लागले.

नव्वद साल उलटल्यावर लहान, हलकी यंत्रे आली. माझा पट्टा सैल पडला, आवाज जड येऊ लागला आणि माझी जागा कपाटावर झाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र कॅसेटींना ओल लागू देऊ नका, त्यांवर बुरशी चढते. आणि मित्रांनो, कोणी बोलता बोलता थांबले, तर त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. थोडे थांबा. ते त्याचे त्याला पुरे करू द्या.