पूर्ण बाह्यांचा शर्ट

"काढा तो," हजेरी मांडणारे सदाशिव म्हणाले आणि पेनच्या टोकाने केसरबाईच्या अंगातल्या शर्टाकडे दाखवले.

फाटकापाशी बायकांची रांग थांबली. केसरबाईने साडीवरून पुरुषाचा निळ्या चौकड्यांचा शर्ट घातला होता. बाह्या मनगटापर्यंत होत्या, गळ्याची गुंडीही लावलेली होती. मिरचीच्या या कारखान्यात देठ खुडायला येणाऱ्या बायका वर्षानुवर्षे अशाच येत. घरातल्या पुरुषाचा जुना शर्ट आणि डोक्याला फडकं.

"भाऊ, आज तिसरी खेप हाय," केसरबाई म्हणाली. "आज परत धाडलं तर नाव जातंय माझं."

"म्हणून तर सांगतोय. काढा अन् आत जा."

"अन् हात?"

सदाशिवांनी पेन मागे वळवले. मागच्या भिंतीवर फलक होता. स्त्री कामगारांनी साडी किंवा ओढणीसह पंजाबी ड्रेस असा शोभेल असा वेश करावा, पुरुषी कपडे चालणार नाहीत, तीन वेळा परत गेलेल्यांचे नाव कमी होईल. खाली मालकांच्या मुलाची, हिमांशूची सही. पुण्याहून मोठे गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार होते. मसाल्याच्या पाकिटावर साडीतली हसरी बाई छापलेली होती आणि आतल्या बायका मजूर अड्ड्यावरच्या दिसतात, असे हिमांशूचे म्हणणे होते. सोमवारी फलक लागला. सोमवारी आणि मंगळवारी केसरबाई नवऱ्याचा पांढरा शर्ट घालून आली आणि दोन्ही दिवस सदाशिवांनी तिला परत पाठवले होते. तिच्या नावापुढे दोन फुल्या होत्या.

"फलकावर गड्यांचं काय लिवलंय?" तिने विचारले.

"त्यांचं काय लिहायचं?"

तेवढ्यात कांडप यंत्रावरचा कडुबा आत आला. अंगात बनियन, खाली अर्धी चड्डी, शर्ट खांद्यावर टाकलेला. उन्हाळ्यात यंत्रावरचे सगळे असेच असत. त्याने हजेरीच्या मस्टरवर सही केली.

"काय केसरबाई, नवऱ्याचा सदरा घालून घरी नवऱ्यालाच हुकूम सोडती का काय?"

त्याच्या मागची माणसे हसली. सदाशिवही थोडे हसले.

"तुझं पोट झाकायला मालकाला एखादा बोर्ड लाव म्हणावं आधी," केसरबाई म्हणाली.

"माझ्या पोटाकडं कोण बघतंय?" कडुबा पोटावर हात फिरवत आत गेला.

केसरबाईने गुंड्या सोडायला सुरुवात केली. भरभर नाही, एकेक. शर्ट काढून तिने तो सदाशिवांच्या टेबलावर, वहीवरच टाकला. ब्लाउजच्या बाहीखाली तिचे हात उघडे पडले. तिने पदर ओढून घेतला, पण पदर दोन्ही हातांना पुरेना.

सदाशिव शर्ट बाजूला सारायला गेले आणि थांबले. खिशाची गुंडी काळी होती. बाकीच्या सगळ्या पांढऱ्या. काळी गुंडी पांढऱ्या दोऱ्याने टाचलेली होती.

"हा कुठून आणला?"

"कुठून म्हंजे? तुमचाच हाय. यमुनावैनींनी दिला."

यमुना सदाशिवांची बायको, तीही इथेच देठ खुडायची; तिला जाऊन आठ महिने झाले होते. तेराव्यानंतर सदाशिवांच्या बहिणीने तिचे कपडे गाठोड्यात बांधून वाटून टाकले. महिनाभराने सदाशिव वैजापूरला बहिणीकडे गेले होते. तिला एवढेच विचारले, त्या गाठोड्यात माझा एक निळा शर्ट होता का? नव्हता, असे ती म्हणाली. ते चहा न घेताच परतीच्या बसमध्ये बसले होते.

"कधी दिला?"

"मागच्या उन्हाळ्यात. तुम्ही ह्याच फाटकात त्यांना काढायला लावला, तवा." केसरबाईने आवाज खाली आणला. "हाच कडुबा म्हणला नव्हता का, सदाशिवरावांच्या घरात दोन गडी नांदतेत म्हणून? तवा काय फलक बी नव्हता. दुसऱ्या दिवशी मला आणून दिला. म्हणल्या, मला काय आता घालता यायचा नाय, तू तरी घाल."

"मग इतके दिवस कुठं होता?"

"पेटीत. बाई गेली, मग अंगात घालवंना. आता पांढरा मिरचीनं भरलाय. धुवायला पानी हाय का?"

ती आत गेली. सदाशिवांनी तिच्या नावापुढे हजेरी लावली. मागच्या बायकाही आपापले शर्ट काढून, घडी करून पिशवीत घालत एकेक आत गेल्या.

रांग संपल्यावर त्यांनी शर्ट उचलून नाकाशी धरला. मिरचीचाच वास होता. दुसरा काही नव्हता. त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आले. ते त्यांनी शर्टाला न पुसता हाताने पुसले.

मागच्या उन्हाळ्यात यमुना रात्री हात अंगापासून लांब धरून बसायची. वस्तीत टँकर चौथ्या दिवशी यायचा. हंड्यातले पाणी प्यायला ठेवून ती हाताला गोडेतेल लावायची. ते विचारायचे, काय झालं? ती म्हणायची, काही नाही, उकडतंय. एवढ्यावर ते झोपायचे.

भिंतीपलीकडे बारा मजली इमारत उठत होती. तिथे टँकर लागला होता आणि ताज्या स्लॅबवर पाइपाने पाणी सोडणे चालले होते.

साडेदहाला ते शर्ट घेऊन शेडमध्ये गेले. बायका मिरचीच्या ढिगांभोवती बसल्या होत्या. बोलणे बंद होते, नुसते खोकणे. केसरबाईचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. शेजारी उजमा होती, शहरातल्या शहागंजची, आठवड्यापूर्वीच कामाला लागलेली. ती हातांवर फुंकर घालत होती.

सदाशिवांनी केसरबाईच्या मांडीवर शर्ट ठेवला.

"घाला."

"अन् छोटे मालक?"

"घाला म्हणतो ना."

"चाचा," उजमा म्हणाली, "मेरे भी हाथ लई जल रहे."

सदाशिवांनी तिच्या हातांकडे पाहिले. मग त्यांनी अंगातल्या शर्टाच्या गुंड्या सोडल्या. खिशातले पेन आणि चष्मा काढून घेतला आणि शर्ट तिच्या हातात दिला. तीस वर्षांत ते कारखान्यात बनियनवर कधी राहिले नव्हते. फाटकापर्यंत परत येताना त्यांनी हात छातीवर बांधून घेतले. वाटेत चार-पाच माणसे भेटली. कुणी काही म्हणाले नाही.

अकराला हिमांशूची गाडी आली. तो उतरला, टेबलापाशी थांबला. सदाशिव उठून उभे राहिले. बनियनला बगलेत भोक होते.

"काय सदाशिवराव, फार उकडतंय?"

"व्हय."

"मग ऑफिसातला टेबलफॅन मागवून घ्या ना. कशाला त्रास काढता?" तो हसला. "बायकांचं ते शर्टाचं बंद झालं ना?"

 हिमांशू मोबाइल बघत शेडकडे गेला.

सदाशिव बसले. वही उघडली, केसरबाईच्या नावापुढच्या दोन फुल्या पाहिल्या आणि वही मिटली. चष्मा ठेवायला हात खिशाकडे गेला. खिसा नव्हता.

शेडमधला खोकला एकदम थांबला. मग हिमांशूचा आवाज आला.

"कुणाचे आहेत हे शर्ट? कुणी दिले?"

 तो पुन्हा ओरडला. यंत्रावरची माणसे दाराशी येऊन उभी राहिली. सगळ्यांत पुढे कडुबा होता, पोटावर हात ठेवून.

सदाशिव उठले. या वेळी त्यांनी हात छातीवर बांधले नाहीत. माणसांमधून वाट काढत ते दारात आले.

"माझे," ते म्हणाले. "दोन्ही माझेच हायेत."